घरच्या पपईच्या बियांतून काय उगवेल? शहादा तालुक्यातील एका बागेचे प्रकरण

पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले हे शेतकरी कुटुंब बरीच वर्षे पपई घेते. बाग तैवानी संकरित वाणाची, म्हणजे रेड लेडी ७८६ ची. लाल गर, टिकाऊ साल आणि दूरच्या बाजारापर्यंत गाडीत तग धरणारे फळ, यामुळे खानदेशात हा वाण रुळला आहे. कुटुंबाचा मोठा खर्च बियाण्यावर आणि रोपांवर होतो. एक एकर नवी लागण करायची होती, तेव्हा घरच्याच बागेतल्या चांगल्या फळांचे बी धरावे असे ठरले. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ प्रमाणे शेतकऱ्याला स्वतःच्या पिकाचे बी राखून पेरण्याचा हक्क आहे, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती.

ऑक्टोबर अखेर चार फळांचे बी काढून ठेवले होते. तीन फळे लांबट, बागेच्या मधल्या ओळींतली. चौथे गोल, बांधालगतच्या झाडाचे, पण चवीला सगळ्यांत गोड. शेतकऱ्याच्या आईने प्रत्येक फळाचे बी वेगळ्या कागदी पुडीत बांधून वर ‘लांबट’ किंवा ‘गोल’ आणि ओळीचा क्रमांक लिहून ठेवला होता. या एका सवयीमुळे पुढचा सगळा हिशोब शक्य झाला. बी एकत्र झाले असते तर या प्रकरणात सांगण्यासारखे फारसे उरले नसते.

बांधावर तीन जुनी देशी पपईची झाडे होती, दोन मादी आणि एक नर. माद्यांच्या फळांचा गर पिवळा. तिन्ही झाडांच्या पानांचे देठ जांभळट, तर बागेतल्या सगळ्या झाडांचे देठ हिरवे. आसपास दुसरे नर झाड नव्हते.

अडचण

शेतकऱ्याचा प्रश्न सरळ होता: “भाऊ, गर लाल निघाला, फळ लांबट निघालं, म्हणजे बीही तसंच येईल ना?”

उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का हे समजले तर पुढचे निर्णय सोपे जातात. फळाचा गर, साल आणि आकार हा सगळा आईच्या झाडाचा भाग असतो. बियांतला गर्भ मात्र आई आणि परागकण देणारे झाड या दोघांचा. बांधावरच्या देशी नराचे पराग बागेतल्या फुलावर पडले तरी ते फळ लालच पिकते. पिवळेपणा बियांत दडून बसतो आणि पुढच्या बागेत दिसतो. म्हणून फळ कापून आईबद्दल कळते, बापाबद्दल काहीच कळत नाही.

व्यापाऱ्याला लांबट फळ हवे असते. गोल फळात पोकळी मोठी असते, गर तुलनेने पातळ असतो आणि ते गाडीत नीट लागत नाही, म्हणून त्याला भाव थोडा कमी मिळतो. पिवळ्या गराचे फळ या बाजारात चालत नाही. नर झाडाला विकण्याजोगे फळच नाही. तेव्हा अंदाज दोन गुणांचा हवा होता, झाडाचे लिंग आणि गराचा रंग.

लिंगाचा हिशोब

पपईच्या लिंगाचे अनुवंशिक गणित १९३८ मध्ये हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर या संशोधकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडले. समजायला सोपे जावे म्हणून तीन घटक धरू: म, न आणि उ. मादी झाड ‘मम’, नर ‘नम’, उभयलिंगी (एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असलेले) ‘उम’. ज्या गर्भात ‘म’ अजिबात नाही, म्हणजे नन, उउ किंवा नउ, तो जगत नाही. एवढे लक्षात ठेवले की बाकीचे आपोआप येते.

उभयलिंगी झाड स्वतःच्याच किंवा दुसऱ्या उभयलिंगी झाडाच्या परागाने फळले तर उम × उम. आईचे घटक एका बाजूला आणि बापाचे दुसऱ्या बाजूला लिहून चौकोन मांडला की मम १, उम २ आणि उउ १ असे चार भाग पडतात. उउ मरतो, उरते १ मादी : २ उभयलिंगी. प्रभावी घटक (एकच प्रत असली तरी ज्याचा गुण दिसतो तो) पाहिला की ३:१ म्हणायची शाळेपासूनची सवय असते आणि इथे ती हमखास फसवते. चौथा भाग जन्मालाच येत नाही.

मादी झाडावर उभयलिंगी झाडाचे पराग पडले तर १ मादी : १ उभयलिंगी. मादीवर नराचे पराग पडले तर १ मादी : १ नर, उभयलिंगी एकही नाही. उभयलिंगी झाडावर नराचे पराग पडले तर मादी, उभयलिंगी आणि नर सारखे, प्रत्येकी एक तृतीयांश.

लांबट फळ उभयलिंगी झाडाचे आणि गोल फळ मादी झाडाचे, हे या वाणात डोळ्यांनी ओळखता येते. म्हणजे पुडीवरचा एक शब्द आईचे लिंग सांगत होता. उभयलिंगी फुलात पुंकेसर असतात आणि बऱ्याचदा कळी पूर्ण उमलायच्या आधीच स्वपरागण होऊन जाते. मादी फुलाला स्वतःचे पराग नसतात, जे येईल ते बाहेरून. त्यात हे गोल फळ बांधालगतचे होते. तेव्हा लांबट पुड्यांत बाहेरचा बाप क्वचित आणि गोल पुडीत बराच, असा पहिला अंदाज धरला.

गराच्या रंगाचा हिशोब

पिवळा गर लाल गरावर प्रभावी आहे. पिवळ्या गरात लायकोपीन या लाल रंगद्रव्याचे पिवळसर-नारिंगी बीटा कॅरोटीनमध्ये रूपांतर करणारे एक जनुक चालू असते. लाल पपईत ते दोन्ही बाजूंनी बिघडलेले असते, त्यामुळे लायकोपीन साठते आणि गर लाल दिसतो. लाल झाड म्हणजे त्या घटकाच्या दोन्ही प्रती अप्रभावी. म्हणून लाल × लाल या संकरातून सगळी संतती लालच येते, मग ती संकरित वाणाची दुसरी पिढी का असेना. पिवळे झाड उगवले, तर त्याचा बाप बागेबाहेरचा होता हे नक्की.

बांधावरचा नर फळत नाही, त्यामुळे त्याच्या गराचा रंग थेट पाहता येत नाही. शेजारच्या माद्या पिवळ्या, म्हणून तोही पिवळा घटक बाळगत असणार असे धरले.

देठाचा जांभळा रंगही हिरव्यावर प्रभावी आहे. बागेतली झाडे हिरवी, म्हणजे दोन्ही प्रती अप्रभावी. तेव्हा घरच्या बियांतून जांभळट देठाचे रोप आले तर त्याचा बाप बांधावरचा नर. झाड फुलायला कित्येक महिने लागतात, देठाचा रंग मात्र रोपवाटिकेतच दिसतो. या खुणेवर बरीच भिस्त ठेवली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय पूर्ण एकर विकतच्या रोपांचा. फळ एकसारखे येईल याची खात्री, पण खर्च तोच आणि घरचे बी वाया.

दुसरा पर्याय चारही पुड्यांचे बी मिसळून एका खड्ड्यात एक रोप लावण्याचा. शेतकऱ्याच्या मनात सुरुवातीला हाच होता. लांबट फळांच्या बियांतून तीनात एक झाड मादी आले असते, गोल पुडीतून निम्मी मादी आणि त्याशिवाय काही नर. फुलोऱ्यापर्यंत काही कळत नाही, आणि नर निघालेला खड्डा जवळजवळ वर्षभर रिकामाच.

तिसरा पर्याय पुड्या वेगळ्या ठेवून एका खड्ड्यात तीन-चार रोपे लावायची आणि फुले दिसल्यावर विरळणी करून एक उभयलिंगी झाड ठेवायचे.

चौथा पर्याय थांबायचे. आताच्या बागेत निवडलेल्या उभयलिंगी झाडांच्या कळ्या उमलायच्या आत पिशवीत बांधायच्या, शुद्ध स्वपरागित बी धरायचे आणि पुढच्या वर्षी लावायचे. अंदाजाच्या दृष्टीने हा सर्वांत भक्कम, पण हंगाम हुकतो.

पानाचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवून डीएनए खुणेवरून रोपाचे लिंग ओळखता येते. हजाराहून जास्त रोपांसाठी तो खर्च परवडणारा नव्हता, म्हणून तो विचार लगेच बाजूला ठेवला.

निर्णय

अर्धा एकर विकतची रोपे, अर्धा एकर घरचे बी तिसऱ्या पद्धतीने, आणि सोबत चौथ्या पर्यायाप्रमाणे कळ्या बांधण्याचे काम पुढच्या वर्षासाठी सुरू. घरचे सगळे बी एकाच गुणावर पास-नापास होत नाही. लिंग आणि रंग सांभाळता आले तरी गोडी, फळाचे वजन, पहिले फळ किती उंचीवर धरते आणि रिंगस्पॉट विषाणूसमोर झाड किती टिकते, हे अनेक जनुकांचे गुण आहेत. संकरित वाणाच्या पहिल्या पिढीत ते एकसारखे दिसतात, दुसऱ्या पिढीत विखुरतात. चौकोन मांडून त्यांचे प्रमाण सांगता येत नाही. म्हणून पूर्ण एकर घरच्या बियांवर टाकण्याचा सल्ला दिला नाही.

खड्ड्यात किती रोपे लावायची हा खरा निर्णयाचा मुद्दा होता. लांबट बियांत एक रोप उभयलिंगी नसण्याची शक्यता १/३. दोन रोपे लावली तर दोन्ही मादी निघण्याची शक्यता १/९, तीन लावली तर १/२७, चार लावली तर १/८१. अंतर ८ × ६ फूट, म्हणजे एकरी सुमारे ९०० खड्डे आणि अर्ध्या एकरात ४५०. त्यातले ३८० खड्डे लांबट पुड्यांना दिले. तीन रोपांनी ३८० पैकी साधारण १४ खड्डे उभयलिंगीविना राहतील, दोन रोपांनी ४२. तीन ठरवले.

गोल पुडीला ७० खड्डे. इथे बापाचा भरवसा नव्हता, म्हणून चार रोपे.

रोपवाटिका आणि पहिली चाळणी

बियांवरचा चिकट पडदा राखेत चोळून काढला, बी धुतले, तरंगणारे टाकून दिले आणि सावलीत सुकवले. पडदा तसाच राहिला तर उगवण रखडते. डिसेंबरच्या थंडीत पपईचे बी हलत नाही, म्हणून पिशव्या शेडनेटमध्ये ठेवून रात्री वरून प्लास्टिक झाकले. तरीही उगवण पूर्ण व्हायला तीन-चार आठवडे गेले. प्रत्येक पुडीच्या पिशव्यांना वेगळ्या रंगाची सुतळी बांधली.

रोपे चार-सहा पानांची झाल्यावर देठ तपासले. लांबट पुड्यांच्या ११६८ रोपांत २६ जांभळट देठाची. गोल पुडीच्या ३३० रोपांत ५०. सगळी ७६ रोपे काढून टाकली.

इथे कामात असलेल्या सगळ्यांना वाटले की बाहेरचा बाप निपटला. तसे धरणे घाईचे ठरले असते. बांधावरच्या नराचे देठ जांभळट होते, पण त्याच्याकडे जांभळ्या घटकाच्या दोन प्रती असू शकतात किंवा एकच. दोन असतील तर त्याचे प्रत्येक अपत्य जांभळे, म्हणजे गोल पुडीत बाहेरचे पराग ५०/३३०, सुमारे १५ टक्के, आणि ते सगळे आता गेले. एकच प्रत असेल तर अपत्यांतली निम्मीच जांभळी. मग बाहेरचे पराग सुमारे ३० टक्के, आणि आणखी ५० रोपे हिरव्या देठाने बाकीच्यांत मिसळून शिल्लक.

मादी आईच्या पुडीत नर अपत्य फक्त बाहेरच्या बापाचेच असू शकते. म्हणून शेत स्वतःच उत्तर देणार होते. पहिली शक्यता खरी असेल तर उरलेल्या २८० रोपांत नर शून्य. दुसरी खरी असेल तर १४० मादी, ११५ उभयलिंगी आणि २५ नर. चार रोपांच्या खड्ड्यात एकही उभयलिंगी नसण्याचा धोका पहिल्या शक्यतेत ७० पैकी ४ खड्डे, दुसऱ्यात ८. वाईट शक्यता धरून चारच रोपे ठेवली.

लागण आणि विरळणी

फेब्रुवारी अखेर लागण झाली. एका खड्ड्यातली रोपे एकमेकांना चिकटून न लावता सुमारे वीतभर अंतराने त्रिकोणात, चार असतील तिथे चौकोनात लावली. ठिबकची तोटी मधोमध. पहिल्या चार महिन्यांत खत आणि पाणी एका झाडापेक्षा जास्त लागते हे आधीच धरले होते. ते न धरल्यास तिन्ही रोपे काटकुळी वाढतात आणि ठेवलेले झाडही कमजोर राहते.

मे अखेर आणि जूनमध्ये कळ्या दिसू लागल्या. ओळखायची पद्धत अशी ठरवली. मादी कळी बुडाशी फुगीर, पाकळ्या सुट्या, आत पुंकेसर नाहीत. उभयलिंगी कळी सडपातळ, पाकळ्या खाली जुळलेल्या, मध्ये लांबट अंडाशय आणि भोवती पुंकेसर. नराची फुले बारीक नळीसारखी, लांब लोंबत्या दांड्यावर घोसाने येतात. शंका असेल तिथे एक कळी ब्लेडने उभी चिरून पाहायची.

पहिल्या फेरीत मजुरांनी ५२ झाडांवर ‘नर’ म्हणून चुन्याची खूण केली. कापायला परवानगी नव्हती, फक्त खूण. कडक उन्हाळ्यात, पाण्याचा ताण बसला की उभयलिंगी झाडाच्या फुलातले अंडाशय वाढत नाही. फूल नरासारखे रिकामे दिसते, पण दांडा आखूड राहतो. पाऊस पडून उष्मा उतरल्यावर दुसरी फेरी केली, तेव्हा ५२ पैकी २२ झाडे उभयलिंगी निघाली. खरे नर ३०. पहिल्याच फेरीत कापाकापी केली असती तर ही २२ चांगली झाडे गेली असती. एकापेक्षा जास्त रोपे लावून विरळणी करणाऱ्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा: उन्हाळ्यातले पहिले फूल पाहून निकाल देऊ नये, आणि दांड्याची लांबी बघितल्याशिवाय झाडाला नर म्हणू नये.

नको असलेली झाडे उपटली नाहीत, जमिनीलगत कापली. उपटल्यास ठेवलेल्या झाडाच्या मुळ्या दुखावतात. चीक हाताला आणि डोळ्यांना लागू नये म्हणून हातमोजे वापरले.

निकाल

लांबट पुड्यांच्या लावलेल्या ११४० रोपांपैकी १०९८ फुलोऱ्यापर्यंत टिकली. उभयलिंगी ७१८, मादी ३७१, नर ९. नर सोडून १०८९ झाडांत १:२ प्रमाणे अपेक्षा होती ३६३ मादी आणि ७२६ उभयलिंगी. अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांतला फरक योगायोगाचा आहे का हे तपासणाऱ्या काय-वर्ग चाचणीचे मूल्य ०.२६ येते, अंदाज नाकारायला ते ३.८४ च्या वर जायला हवे. सवयीने ३:१ धरले असते तर अपेक्षा सुमारे ८१७ उभयलिंगी आणि २७२ मादी, आणि चाचणीचे मूल्य ४८ च्या जवळ गेले असते. म्हणजे ते गृहीतक साफ फेटाळले गेले. उउ गर्भ जगत नाही ही गोष्ट या अर्ध्या एकरात मोजून दिसली.

गोल पुडीच्या २८० पैकी २६८ झाडे टिकली: मादी १३७, उभयलिंगी ११०, नर २१. नर शून्य आले नाहीत, दुसऱ्या शक्यतेच्या जवळ आले. म्हणजे बांधावरच्या नराकडे जांभळ्या घटकाची एकच प्रत होती, आणि या मादी झाडावर सुमारे ३० टक्के पराग बांधावरून आले होते. मादी आईच्या पुडीत मादी संतती नेहमी निम्मी असते, बाप कोणीही असो. उरलेल्या निम्म्यात नर किती, त्यावरून परका बाप किती हे मोजता येते. हिशोबाची ही जागा फार उपयोगी आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

विरळणीनंतर लांबट भागात ३८० पैकी ३६३ खड्ड्यांत उभयलिंगी झाड राहिले, १७ खड्ड्यांत मादी. अंदाज १४ चा होता, काही रोपे मेल्यामुळे थोडा वाढला. गोल भागात ७० पैकी ६० खड्ड्यांत उभयलिंगी, १० मध्ये मादी. एकूण ४५० पैकी ४२३, म्हणजे ९४ टक्के लांबट फळांची झाडे. विकतच्या रोपांच्या अर्ध्या एकरात एका खड्ड्यात एकच रोप होते, निवडीला वावच नव्हता, त्यामुळे तिथे गोल फळांची झाडे उघड जास्त राहिली.

रंगाचा निकाल आधी कोणाला पटत नव्हता. लांबट भागात चार उभयलिंगी झाडे पिवळ्या गराची निघाली. गोल भागात, जिथे परका बाप कितीतरी जास्त होता, तिथे ठेवलेल्या ६० उभयलिंगी झाडांत एकही पिवळे नाही. कारण चौकोनातच आहे. मादी × नर या संकरातून उभयलिंगी झाड येऊच शकत नाही. म्हणून मादी आईच्या पुडीतले प्रत्येक उभयलिंगी झाड बागेतल्याच लाल बापाचे. उभयलिंगी आईवर मात्र नराचे पराग पडले की उभयलिंगी अपत्येही येतात, आणि ती पिवळी असू शकतात. गोल पुडीतला पिवळेपणा फक्त माद्यांत लपला होता: तिथे नाइलाजाने ठेवलेल्या दहा माद्यांपैकी दोन पिवळ्या निघाल्या.

बाकीच्या गुणांत विकतचा अर्धा एकर सरस ठरला. घरच्या भागात फळांचे वजन आणि धरणीची उंची झाडागणिक बदलत होती, तोडणीत माल निवडायला जास्त वेळ गेला. जुलैच्या वाऱ्यात विरळणी उशिरा झालेली काही झाडे कलली, त्यांना काठ्या द्याव्या लागल्या. रिंगस्पॉट दोन्ही भागांत आला. हा विषाणू बियांतून नव्हे, मावा या किडीमार्फत पसरतो, त्यामुळे घरच्या बियांना त्याचा दोष देता येत नाही. पण रोग आल्यावर कोणते झाड किती तग धरते यात घरच्या भागात फरक जास्त दिसला.

वेगळे काय करता आले असते

लांबट भागातले तिसरे रोप पुन्हा तपासायला हवे. दोनऐवजी तीन रोपे लावल्याने सुमारे २८ खड्डे वाचले, त्यासाठी ३८० जादा रोपे वाढवली, पाणी-खत दिले आणि कापली. एका खड्ड्यामागे साडेतेरा रोपे. मादी झाड फळत नाही असे नाही, त्याचा भाव फक्त थोडा कमी. या हिशोबात तिसरे रोप परवडते की नाही हे त्या वर्षीच्या गोल-लांबट भावफरकावर ठरते. खात्री हवी म्हणून तीनचा आकडा डोळे झाकून धरणे बरोबर नाही. बाजारात गोल फळ अजिबात उचलले जात नसेल तर तीन, उचलले जात असेल तर दोन पुरेत.

देठाची खूण वापरण्यापूर्वी नराची परीक्षा करता आली असती. बांधावरच्या देशी मादीच्या फळाचे बी त्याच नराचे असते. पण ती मादीही जांभळी, त्यामुळे निकाल गढूळ आला असता. खरी परीक्षा हिरव्या देठाच्या मादीची आहे, म्हणजे गोल पुडीच होती. हाताशी असलेले रोपवाटिकेतले आकडे दोन्ही शक्यतांना जुळत होते. तेव्हा वाईट शक्यता धरून चालणे हेच योग्य होते, फक्त ते सगळ्यांना आधी समजावून सांगायला हवे होते. नर दिसू लागल्यावर शेतात जी निराशा झाली ती टळली असती.

गोल फळ बांधालगतच्या झाडाचे निवडणे हे सर्वांत महाग पडले. मादी झाडाचे बी धरायचेच असेल तर बागेच्या मधल्या, चारी बाजूंनी उभयलिंगी झाडे असलेल्या मादीचे धरावे.

कळ्या बांधण्याचे काम एक हंगाम आधी झाले असते तर यातले बहुतेक प्रश्न उद्भवले नसते. पद्धत सोपी आहे. निरोगी, कमी उंचीवर धरलेले उभयलिंगी झाड निवडायचे. एक-दोन दिवसांत उमलेल अशी पांढरी, टोकदार कळी बटर पेपरच्या पिशवीत बांधायची, तारखेची चिठ्ठी अडकवायची, पाकळ्या गळेपर्यंत पिशवी काढायची नाही. एका झाडावर आठ-दहा कळ्या बांधल्या की काही फळे हाती लागतात. उन्हाळ्यात हे काम करू नये, कारण अंडाशय खुंटलेल्या फुलातून फळच धरत नाही. चुकून मादीची कळी बांधली गेली तर तिच्यात बी धरत नाही, म्हणून खोटे बी मिळण्याचा धोका नाही. असे बी १:२ प्रमाणातच येते आणि गर सगळ्या झाडांचा लाल.

या कुटुंबाने पाऊस ओसरल्यावर गोल पुडीतल्या ६० उभयलिंगी झाडांपैकी वजनाने आणि गोडीने सरस अशी सहा झाडे निवडली आणि त्यांच्या कळ्या बांधल्या. ही झाडे नक्की लाल बापाची, त्यामुळे रंगाची तपासणी लागत नाही. पुढच्या लागणीत या बियांची दोन रोपे एका खड्ड्यात लावायची असे ठरले आहे, आणि बी पुन्हा झाडनिहाय वेगळ्या पुड्यांत ठेवले आहे.